कॅन्सरचा नकाशा कोण रंगवतं?

ऑगस्ट २०२० मध्ये आयसीएमआरने देशभरातल्या कॅन्सर नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१२ ते २०१६ या काळातल्या नोंदींवर तो बेतलेला आहे. त्यातलं एक कोष्टक मराठी वाचकाने जरा थांबून पाहावं असं आहे. पुरुषांना कॅन्सर होण्याचं प्रमाण देशात सर्वांत जास्त होतं मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात, वर्षाला दर लाखामागे २६९.४. सर्वांत कमी होतं उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड या दोन जिल्ह्यांत, ३९.५. स्त्रियांमध्येही तळाचा आकडा याच दोन जिल्ह्यांचा, ४९.४. वरचा आकडा अरुणाचलमधल्या पापुम पारे जिल्ह्याचा, २१९.८.

आकडे झाकून कुणाला विचारलं असतं, तर बहुतेकांनी उत्तर उलटं दिलं असतं. ऐझॉल डोंगराच्या धारेवर वसलेलं, भोवती जंगल, मोठे कारखाने नाहीत. इकडे बीड-धाराशिवला दुष्काळ, टँकरचं पाणी, पिकांवर फवारण्या, उन्हाळ्यात धुळीचे लोट. हवा-पाणी चांगलं तिथे माणूस निरोगी, या आपल्या ठाम समजुतीला हे कोष्टक सरळ छेद देतं.

एखाद्या भागात कॅन्सरने जास्त माणसं का मरतात, या प्रश्नावर शंभर वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते परिसर बघा: हवा, पाणी, माती, कारखाने. दुसरी म्हणते माणसाच्या तोंडात काय आहे ते बघा. माझं मत आधीच सांगून टाकतो. नकाशावर पहिला हात तंबाखूचा फिरतो. परिसर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर असतो. पण दोघं एकत्र आले की नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. हे ध्यानात न घेता 'तंबाखू की प्रदूषण' असा सामना लावणं फारसं उपयोगाचं नाही.

आकड्यांकडे वळण्याआधी त्यांची छाननी करायला हवी, नाहीतर नकाशा हमखास फसवतो. कॅन्सर हा मुख्यतः उतारवयाचा आजार आहे. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहारात तरुण जास्त. दोन्हीकडचे मृत्यू नुसते लोकसंख्येने भागले, तर केरळ उगीचच बदनाम होईल. म्हणून प्रत्येक वयोगटाचं प्रमाण वेगळं काढतात आणि ते एका ठरावीक काल्पनिक लोकसंख्येला लावतात. ही काल्पनिक लोकसंख्या जपानच्या मित्सुओ सेगी यांनी १९६० साली मांडली आणि थोड्याफार फेरफारांसह ती आजही वापरात आहे. वर दिलेले आकडे असे वयाचा हिशेब करूनच काढलेले आहेत. त्यामुळे 'तिकडे म्हातारे जास्त असतील' ही पळवाट बंद होते.

दुसरी शंका नोंदणीची. बीड-धाराशिवकडे रुग्ण नोंदलेच जात नसतील तर? शंका रास्त आहे. काही वाटा नजरेतून सुटलेल्या रुग्णांचा असणारही. पण या भागात नोंदणीची परंपरा जुनी आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. शहरातली नोंदणी दवाखान्यांच्या रजिस्टरांवर चालते. इथे दवाखान्यापर्यंत माणूस पोचतच नव्हता, म्हणून कार्यकर्तेच गावोगाव गेले. सभा घेतल्या, गाठ, न भरणारी जखम, अंगावरून जाणारं रक्त यांची चौकशी केली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला यायला राजी केलं. पुढे याच भागात, उस्मानाबाद जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळलं ते इथल्या बायकांमुळे. तेव्हा आकडा थोडा तोकडा असेलही, पण सात पटींचा फरक नुसत्या राहून गेलेल्या नोंदींनी भरून निघणारा नाही.

तिसरी गोष्ट, आजार होणं आणि त्याने मरणं हे दोन वेगळे आकडे आहेत. मृत्यूंचा हिशेब आपल्याकडे आणखी अवघड, कारण खेड्यात माणूस घरीच जातो आणि दाखल्यावर कारण म्हणून काहीही लिहिलं जातं. यावर तोड म्हणून 'मिलियन डेथ स्टडी' या अभ्यासात कर्मचारी मृताच्या घरी गेले. शेवटच्या दिवसांत काय त्रास होता, कुठे गाठ होती, गिळता येत होतं का, हे घरच्यांकडून लिहून घेतलं. ती हकीकत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवलं. २००१ ते २००३ मधल्या १ लाख २२ हजारांवर मृत्यूंची अशी तपासणी झाली आणि त्यातले ७,१३७ कॅन्सरचे निघाले. त्यावरून २०१० साली देशात कॅन्सरने सुमारे ५ लाख ५६ हजार माणसं गेली असा अंदाज बांधला गेला. हे निष्कर्ष २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

त्यात तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली: शहर आणि खेडं यांतला मृत्युदर जवळजवळ सारखाच. नुसती शहरी हवा कारणीभूत असती, तर असं दिसलं नसतं. दुसरी: ईशान्य भारतातल्या तीस वर्षांच्या पुरुषाला सत्तरीच्या आत कॅन्सरने मरण येण्याची शक्यता ११.२ टक्के, तर बिहार, झारखंड, ओडिशा इथे ३ टक्क्यांहून कमी. तिसरी: ऐन उमेदीच्या वयातल्या, म्हणजे ३० ते ६९ वर्षांच्या पुरुषांच्या कॅन्सरमृत्यूंपैकी ४२ टक्के तंबाखूशी निगडित अवयवांचे आणि तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू फुप्फुसाच्या दुप्पट. युरोप-अमेरिकेत हे चित्र नेमकं उलटं दिसतं. ते ओढतात, आपण चघळतो.

आता ऐझॉलकडे वळू. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात मिझोरममधले ५८.७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. देशाची सरासरी २८.६ टक्के. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वांत कमी, ९.७ टक्के. मिझोरमचं वैशिष्ट्य असं की बायकाही मागे नाहीत. ऐझॉलमधल्या स्त्रियांचं फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण तिथल्या पुरुषांच्या बरोबरीला येऊन टेकलं आहे. तिथे 'मेइझिओल' नावाची गावठी सिगारेट ओढतात. आणि 'तुइबुर' नावाचा एक प्रकार आहे, तो तर आपल्या कल्पनेपलीकडचा. तंबाखू जाळून तिचा धूर पाण्यातून काढतात. पाणी धूर शोषून पिवळट-तपकिरी होतं, त्याला उग्र वास येतो. ते बाटलीत भरून विकतात. माणूस त्याचा घोट तोंडात घेतो, काही मिनिटं तसाच धरून ठेवतो आणि थुंकतो. काही गिळतातही. ऐझॉलच्या पुरुषांत जठराचा कॅन्सर आघाडीवर आहे आणि मिझोरममध्ये झालेल्या अभ्यासांत तुइबुर, मेइझिओल आणि धुरावर सुकवलेलं मांस या तिघांचाही त्याच्याशी संबंध दिसून आला आहे. म्हणजे ऐझॉलच्या हवेचा विचार करायचा तो डोंगरावरच्या हवेचा नव्हे, बाटलीतल्या धुराचा.

बीड-धाराशिवला तंबाखू नाही असं कुणी म्हणणार नाही. चुना-तंबाखूची चंची तिथे घरोघरी सापडेल. पण ओढणारे कमी. शिवाय लवकर लग्नं, लवकर बाळंतपणं आणि मुलांना दीर्घकाळ अंगावर पाजणं यांमुळे स्तनाचा कॅन्सर शहरातल्यापेक्षा कमी राहतो. कमी आकडा म्हणजे चांगलं आयुष्य असं मात्र नव्हे. त्याच लॅन्सेटच्या अभ्यासात सर्वांत कमी शिकलेल्यांचा कॅन्सरमृत्यूचा दर शिकलेल्यांच्या दुप्पट होता. आजार एकच, पण तपासणी उशिरा होते आणि उपचाराला पैसे पुरत नाहीत.

डोळ्यासमोरचा धोका सोडून परिसराकडे बोट कसं वळतं, याचं नमुनेदार उदाहरण केरळात आहे. कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागप्पळ्ळी तालुक्याच्या किनाऱ्यावरची काळी वाळू मोनाझाइटची आहे आणि तिच्यात थोरियम आहे. काही घरांत नैसर्गिक किरणोत्सर्ग नेहमीच्या कितीतरी पट जास्त. इथले लोक पिढ्यानपिढ्या या वाळूवर झोपले, खेळले, मासे सुकवले. कॅन्सर वाढायला याहून सबळ कारण कोणतं हवं? तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कॅन्सर केंद्राने १९९० च्या सुमारास इथे नोंदणी सुरू केली. घराघरांत किरणोत्सर्ग मोजला आणि सुमारे ७० हजार माणसांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवली. २००९ साली निष्कर्ष आला: किरणोत्सर्ग जास्त म्हणून कॅन्सर जास्त, असं आढळलं नाही. आणि त्याच माणसांमध्ये विडी ओढणाऱ्या पुरुषांना फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट निघालं. भीती वाळूची होती आणि मारत होती विडी.

विज्ञानालाही हा चकवा एकदा पडला होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे ६१२ मृत्यू नोंदले गेले होते. १९४७ साली ते ९,२८७ झाले. पंचवीस वर्षांत पंधरा पट! कोळशाचा धूर, मोटारींचा धूर, गॅसचे कारखाने, रस्त्यांवर नव्याने ओतलेलं डांबर अशा सगळ्यांवर संशय होता. या तपासाला बसलेल्या रिचर्ड डॉल यांना स्वतःला डांबराचा संशय जास्त होता. ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह त्यांनी लंडनमधल्या इस्पितळांत रुग्णांना सवयींबद्दल सविस्तर विचारायला सुरुवात केली. १९५० साली निष्कर्ष छापून आला. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त दोन होते. अभ्यास पुरा होण्याआधीच डॉल यांनी स्वतः सिगारेट सोडली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, लंडनवर विषारी धुकं उतरलं आणि काही दिवसांत हजारो माणसं गेली. ती बहुतेक श्वसनाच्या आणि हृदयाच्या विकारांनी गेली. हवा माणूस मारू शकते यात शंकाच नव्हती. पण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या त्या पंधरा पट वाढीमागे ती नव्हती.

नकाशाचा खरा उपयोग कसा करायचा, हे १९७५ साली अमेरिकेत दिसलं. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने तीन हजारांहून जास्त काउंट्यांचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचा, कॅन्सरमृत्यूंचा नकाशासंग्रह छापला. १९५० ते १९६९ या वीस वर्षांतले मृत्यू, अवयवागणिक वेगळे. नकाशे डोळ्यांपुढे येताच प्रश्न उभे राहिले. आग्नेय किनाऱ्यावर, जॉर्जियाच्या बाजूला, पुरुषांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा पट्टा का? माणसांचा माग काढल्यावर कळलं की दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गोद्यांत जहाजबांधणीचं काम धडाक्यात चाललं होतं आणि जहाजांत ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज ठासून भरलं जात होतं. त्या कामावर दोन-चार वर्षंच असलेल्यांनाही पंचवीस-तीस वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली.

दुसरा प्रश्न आणखी चमत्कारिक होता. त्याच आग्नेय भागातल्या खेड्यांत स्त्रियांना तोंडाचा कॅन्सर एवढा का? तिथे कापडगिरण्या पुष्कळ, त्यामुळे गिरणीतल्या धुळीवर संशय घ्यायला जागा होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या बायकांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला आणि खरा गुन्हेगार सापडला: तपकीर. नाकात ओढायची नव्हे, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. धूम्रपान न करणाऱ्या, पण तपकीर ठेवणाऱ्या गोऱ्या बायकांना तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरचा धोका चौपट होता. वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांच्या बाबतीत नुसत्या गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरचा धोका पन्नास पटींच्या घरात होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे तिचीच सख्खी बहीण आहे, मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. घरभर खाट सुटते, शिंका येतात. मग ती चुरून, कुटून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर चिमूटभर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायची आणि तोंडात धरून केरवारे करायचे. दुपारी जेवणानंतर पुन्हा, रात्री पुन्हा. 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' आणि 'दात बळकट राहतात' ही दोन वाक्यं कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी बायकांच्या तोंडी आहेत. पुरुषाने तंबाखू मळली तर ते व्यसन. बाईची मशेरी म्हणजे दात घासणं. दंतमंजन म्हणून घरात शिरलेली ही वस्तू व्यसन म्हणून मोजलीच जात नाही, म्हणून सोडायचा विषयही निघत नाही. गरोदरपणीही ती चालू राहते आणि बाळाचं वजन कमी भरतं. शिवाय भाजल्याने तंबाखू सौम्य होत नाही. उलट जळण्यातून तयार होणारी कॅन्सरकारक रसायनं तिच्यात भर घालतात.

एवढं वाचून परिसराला निर्दोष ठरवण्याची घाई मात्र करू नये. बाईने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही आणि तरीही फुप्फुसाच्या कॅन्सरने ती मरते, अशी गावं आहेत. चीनच्या युन्नान प्रांतातलं शुआनवेई हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. पंतप्रधान चौ एन-लाय यांना कॅन्सर झाल्यानंतर सत्तरच्या दशकात चीनने देशभरच्या कॅन्सरमृत्यूंची पाहणी केली आणि त्यात शुआनवेईच्या स्त्रिया फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये देशात वरच्या टोकाला निघाल्या. या बायकांत धूम्रपान करणारी शंभरात एकही सापडत नव्हती. पुरुष मात्र सर्रास ओढत. तरी दोघांचा मृत्युदर जवळपास सारखा. तंबाखूवर सगळं ढकलणाऱ्याला इथे बोलायला जागा उरत नाही.

कारण घरातच होतं. जमिनीत खणलेली उघडी शेगडी, वर धुरांडं नाही, जळण म्हणजे तिथल्याच खाणींतला धुरकट कोळसा. स्वयंपाक, ऊब, मका-मिरची सुकवणं सगळं त्या शेगडीभोवती. पोरी दहा-बारा वर्षांच्या झाल्या की चुलीपाशी बसायला लागत. घरातल्या हवेत बेंझोपायरीनचं प्रमाण भयानक निघालं. सिगारेटच्या धुरात असतं तेच हे रसायन. जवळच्याच ज्या भागांत लाकूड किंवा बिनधुराचा कोळसा जाळत, तिथे हा कॅन्सर कमी होता. मग लोकांनी शेगड्यांना धुरांडी बसवायला सुरुवात केली. एकवीस हजारांहून जास्त शेतकऱ्यांची जुनी माहिती तपासून २००२ साली निष्कर्ष आला: धुरांडं बसवलेल्या घरांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पुरुषांत ४१ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४६ टक्क्यांनी घटला होता. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, छपरातून बाहेर काढलेली एक नळी.

आपल्या चुलीत बहुधा लाकूड आणि गोवऱ्या जळतात, कोळसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने घरगुती कोळशाचा धूर नक्की कॅन्सरकारक ठरवला आहे आणि लाकूड-गोवरीचा धूर बहुधा कॅन्सरकारक. म्हणून शुआनवेईचे आकडे जसेच्या तसे मराठवाड्याला लावू नयेत. पण धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात खोकणाऱ्या बाईला 'तू विडी ओढत नाहीस ना, मग काळजी नको' असंही सांगू नये.

तुर्कस्तानातल्या कापादोक्या भागातली कराइन आणि तुझकोय ही गावंही ध्यानात ठेवण्यासारखी. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे आणि त्याच दगडाची घरं बांधली जात. फुप्फुसावरच्या आवरणाचा, एरवी अतिशय दुर्मीळ असलेला मेसोथेलिओमा हा कॅन्सर तिथे इतका की मृत्यूंचं ते एक मुख्य कारण ठरलं. या कॅन्सरचा तंबाखूशी संबंध नाही. तो निव्वळ जागेचा.

आता गुणाकाराकडे येऊ, कारण या विषयातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान तेच आहे. अमेरिका-कॅनडातल्या ॲस्बेस्टॉसचं आवरण बसवणाऱ्या १७,८०० कामगारांचा माग ठेवून हॅमंड आणि सेलिकॉफ या संशोधकांनी १९७९ साली आकडे मांडले. ॲस्बेस्टॉसही नाही आणि सिगारेटही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका १ धरा. नुसतं ॲस्बेस्टॉस: सुमारे ५. नुसती सिगारेट: सुमारे ११. दोन्ही: १६ नव्हे, ५३. पाच गुणिले अकरा म्हणजे पंचावन्न, जवळजवळ तेवढंच. सिगारेट श्वासनलिकेतल्या झाडलोट करणाऱ्या सूक्ष्म केसांना निकामी करते, मग ॲस्बेस्टॉसचे तंतू आणि त्यांना चिकटलेली रसायनं आत मुक्काम ठोकतात.

रेडॉनचंही तसंच. जमिनीतून घरात झिरपणारा हा किरणोत्सर्गी वायू. युरोपातल्या तेरा अभ्यासांचा एकत्र हिशेब २००५ साली झाला. रेडॉन अजिबात नसलेल्या घरात राहणाऱ्या, कधीच न ओढलेल्या माणसाला पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण येण्याची शक्यता ०.४ टक्के. घरात रेडॉन दर घनमीटरला ४०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) असेल तर ०.७ टक्के. सिगारेट ओढणाऱ्याचे तेच दोन आकडे १० आणि १६. घर तेच, वायू तोच. एकाच्या बाबतीत हजारात तीन माणसं वाढली, दुसऱ्याच्या बाबतीत साठ. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचता येतो. घर सुधारल्याचा सर्वांत मोठा फायदा ओढणाऱ्याला. आणि ओढणं सोडलं की वाईट घराचा धोकाही आपोआप आकसतो.

बाहेरच्या हवेचं काय? २०१३ साली ती कॅन्सरकारक म्हणून अधिकृतपणे नोंदली गेली. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांत दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅम वाढ झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. सिगारेटने तो १५ ते ३० पट होतो. एका माणसापुरतं पाहिलं तर तुलनाच नाही. मात्र सिगारेट काहीजण ओढतात आणि हवा सगळ्यांना घ्यावी लागते, तान्ह्या मुलालाही. ९ टक्के कोट्यवधींना लागू झाले की आकडा लहान राहत नाही. आणि सिगारेट सोडता येते, हवा नाही. म्हणून हवेची जबाबदारी सरकारवर येते आणि ती तंबाखूच्या आड लपवू देऊ नये.

नकाशा वाचताना आणखी एक पथ्य पाळायचं. आज दिसणारे मृत्यू हे आजच्या परिसराचे नसतात. चिलीमधल्या अंतोफागास्ता शहराला १९५८ साली नवं पाणी मिळालं. डोंगरातल्या नद्यांचं, स्वच्छ दिसणारं, पण आर्सेनिकने भरलेलं: लिटरला ८७० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आजची सुरक्षित मर्यादा १०. १९७० साली शुद्धीकरण केंद्र आलं आणि आर्सेनिक झपाट्याने उतरलं. पण फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू शिखराला पोचले त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, पाणी कधीच शुद्ध झालेलं असताना. तिथेही आर्सेनिकचं पाणी प्यायलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्तच निघाला.

तेव्हा 'आमच्या गावात कॅन्सर फार वाढलाय' असं कानावर आलं, तर पहिला प्रश्न विचारावा: कोणत्या अवयवाचा? तोंड, घसा, फुप्फुस असेल तर आधी तंबाखूची चौकशी. मूत्राशय आणि कातडी असेल तर पाण्यातलं आर्सेनिक तपासा. फुप्फुसाच्या आवरणाचा असेल तर जुना ॲस्बेस्टॉसचा संबंध शोधा. सगळेच वेगवेगळे असतील, तर बहुधा गावात आता माणसं जास्त जगत आहेत आणि तपासण्या जास्त होत आहेत. दुसरा प्रश्न: आजारी माणसं वीस-तीस वर्षांपूर्वी कुठे राहत होती आणि काय काम करत होती? हे दोन प्रश्न न विचारता केलेला पाण्याचा एक रिपोर्ट आणि त्यावरची बातमी यातून हाती काही लागत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के धूर नसलेली तंबाखू तोंडात ठेवत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही एसटी स्टँडवरच्या भिंती सांगतील. मशेरीला तर बंदीही नाही. गावच्या विहिरीचं पाणी तपासायला जरूर पाठवा, चुलीला धुरांडं बसवा, कारखान्याच्या धुराविरुद्ध तक्रार करा. पण त्याबरोबर घरातल्या आई-आजीचं तोंडही एकदा दाखवून घ्या. पांढरा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर थांबू नका. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तो मशेरीसाठीही चालतो.